खरी पळणारी घोडी

ईरप्पानं घोडीच्या ओठात अंगठा घातला तेव्हा कमलाकरपंत अजून बोलत होते. घोडी पाच वर्षांची आहे, पायानं निर्मळ आहे, खोड कसली नाही, एवढं सांगून झालं होतं आणि ते तिच्या आईविषयी सांगू लागले होते. ईरप्पा ऐकत होता. मान हलवत होता. मान हलवता हलवताच त्यानं एका हातानं घोडीचं नाक धरलं, दुसऱ्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत सारला आणि "नोडोण, नोडोण," बघू या, बघू या, असं कानडीत स्वतःशीच पुटपुटत तिचं तोंड उघडून आत पाहिलं. पंतांचं वाक्य तिथंच तुटलं. पुढं काय सांगायचं होतं ते त्यांना आठवेना.

आत काय दिसलं ते ईरप्पाच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. त्यानं धोतराच्या सोग्याला अंगठा पुसला, "बरं हाय. बघतो की," म्हणाला आणि बैलांच्या दावणीकडं निघून गेला. अक्कलकोटकडचा हा शेंगांचा अडत्या, घोड्यांचा जुना शौकीन. पंतांच्या शब्दावर त्यानं पूर्वी घोडे घेतले होते, आणि तेव्हा पुढं होऊन जनावराच्या अंगावरून हातसुद्धा फिरवला नव्हता. घोडीचा मालक मायाप्पा धनगर दोर धरून शेजारीच उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. तो खाली वाकून घोडीच्या शेपटीत गुंतलेली गोखरं एकेक करून काढत राहिला.

एवढंच झालं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतला जनावरांचा बाजार, विजापूर रस्त्याच्या कडेचा, संक्रांतीनंतरचं ऊन, शेणाचा आणि कडब्याचा वास. त्या गर्दीत काही घडलं हे तिसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसेल. घेणारा माणूस दातांवरून वय ताडायला जनावराचं तोंड बघणारच, त्यात वावगं काय, असं पंतांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण घोड्याचं वय पंतांनी सांगितल्यावर पुन्हा कुणी तोंड उघडून पाहायचं, असं या बाजारात कधी झालं नव्हतं. ते गिरणीच्या कचेरीत कारकून होते, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. घोड्यांच्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता, दलालीला त्यांनी कधी हात लावला नाही. दरवर्षी गड्ड्याला रजा काढून ते कोट-पगडी घालून इथं लिंबाखाली बसत, आणि कुणीतरी येऊन अदबीनं म्हणे, पंत, जरा येता का, एक घोडा बघायचाय. ते जात, बघत, सांगत. ते सांगतील ते वय, ते सांगतील ती खोड. घेणारा आणि विकणारा दोघंही मान खाली घालून ऐकत आणि चहा मागवत. गिरणीत ते सह्या करणारे आणि सह्या घेणारे एक गृहस्थ होते. इथं ते कुणीतरी होते.

घरी निघाले तेव्हा रस्त्यावर धुळीचा लोट उठवत मंगळवेढ्याची सर्व्हिस मोटार गेली. पंत कडेला झाले. तोंडात धूळ गेली होती. जीभ दातांवरून फिरवताना त्यांना एकदम जाणवलं की आपण मघापासून हेच करतोय, आपलेच दात जिभेनं चाचपतोय. वरचे, खालचे, मागची दाढ पडून राहिलेली खाच. ओठाच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी जाड अंगठ्याचा दाब अजून रेंगाळत होता. शेंगदाण्याच्या तेलाचा वास असलेला अंगठा. ते थुंकले. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला, मग दुसऱ्या गिरणीचा, आणि त्यांना नेहमीच्या सवयीनं वाटलं की आपल्याला उशीर झाला आहे. कुठं जायला उशीर झाला ते काही सुचलं नाही.

लहानपणी ते पागेतच वाढले. वडील एका जहागीरदाराच्या पागेचे कारकून; वैरणीचा, हरभऱ्याचा, नालांचा हिशेब त्यांच्याकडं. घर पागेला लागून. हिवाळ्यात पहाटे जाग येई ती भिंतीपलीकडं घोडे पाय आपटत त्या आवाजानं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या कुठला घोडा कुठल्या पायावर भार देतोय हे कळे. ते कसं कळतं हे त्यांना कधी सांगता आलं नाही. एकदा वडिलांनी एका पाहुण्याला घोडा दाखवला आणि त्याचं वय सांगितलं. पाहुणा म्हणाला, तुम्ही म्हणता म्हणजे असणारच. वडील नुसते हसले. त्या हसण्यात काय होतं ते छोट्या कमलाकरला तेव्हा समजलं नाही, पण ते आपल्यालाही हवं आहे हे समजलं. पुढं पागा मोडली, जहागीरदारांनी मोटार घेतली, वडील गेले. घोडे कुठं कुठं पांगले. कमलाकर सोलापुरात गिरणीत लागला. आणि छावणीपलीकडच्या माळावर वर्षातून एकदा शर्यती होतात हे कळल्यावर पहिल्याच वर्षी तिथं जाऊन उभा राहिला.

त्या शर्यतींची मजा आता कुणाला सांगून पटणार नाही. साहेब लोक असत, संस्थानिकांचे तंबू असत, पण खरी गर्दी असे ती गावाची. विणकर आपापले माग बंद करून येत, गिरणीतले कामगार पाळी चुकवून येत. भीमाकाठची बुटकी, निबर तट्टं पळत तेव्हा माणसं त्यांच्या नावानं ओरडत. घोडा जिंकला की पुढच्या गड्ड्याला त्याच्या आईच्या पोटच्या शिंगराला गिऱ्हाईक ठरलेलं. जिंकणं आणि विकणं यांच्यामधे शंका नावाची गोष्ट नव्हती. मग मार्शल लॉच्या आदल्या हिवाळ्यात ते घडलं. सगळ्यांनी ज्याच्यावर पैसा लावला होता तो पांढरा घोडा वळणावर सगळ्यांच्या पुढं होता, आणि वळण घेता घेता स्वारानं लगाम खेचला. कठड्याला खेटून उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दिसलं. जो घोडा जिंकला तो, नंतर कळलं, शर्यतीच्या कार्डावर छापलेला घोडाच नव्हता. पुण्याकडून कुणी आणलेला, कपाळावरचा टिळा काळ्या रंगानं झाकलेला. घामानं रंग ओघळला. लोकांनी शामियाना पाडला, तिकिटांच्या खिडकीला आग लावली. पंत त्या दिवशी पंचांच्या मचाणावर होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण मचाणावर होते, आणि खालून बघणाऱ्याला मचाणावरची सगळी माणसं सारखीच दिसतात.

पुढच्या वर्षी, तीस साली, मार्शल लॉ आला, गावात गोळ्या चालल्या, घराघरावर दुःख कोसळलं. त्यापुढं घोड्यांच्या शर्यतीचं ते काय. शर्यती बंद पडल्या तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही. पंतांना रुखरुख लागली, आणि अशा दिवसांत आपल्याला या गोष्टीची रुखरुख लागते याची लाज वाटली. ती लाजही त्यांनी कुणाला सांगितली नाही. नंतरच्या गड्ड्यांना घोडे येत ते जुने, थकलेले. डागणीनं दातांत नवे खळगे कोरून म्हाताऱ्या घोड्याला तरुण करणारे कारागीर आले. एकदा फसलेला माणूस दहांना सांगे. लिंबाखाली बसलेल्या पंतांना बोलावणारे कमी झाले. लोक त्यांना नमस्कार करत, बसायला जागा देत, आणि घोडा घेतच नसत.

घरी सरोजिनीनं ताट वाढलं. ती कमी बोलणारी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याचं घोड्याचं वेड हा तिला एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखा वाटे, ज्याच्याशी भांडण नाही आणि फारसा परिचयही नाही. सौदा झाला का, असं तिनं विचारलं. बघतो म्हणालाय, असं पंत म्हणाले. भाकरीचा घास त्यांनी बराच वेळ चावला. ईरप्पानं आत पाहिलं तेव्हा त्याची भुवई थोडी वर गेली होती का? गेली होती. की उन्हानं त्यानं डोळे बारीक केले? पाच वर्षं. पाच हे त्यांना कुणी सांगितलं? मायाप्पानं. मार्शल लॉच्या आदल्या शिमग्याला झालेली, असं तो म्हणाला होता. पंतांनी घोडी पहिल्यांदा पाहिली ती चांगली अंगानं भरल्यावर, मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात, मेंढरांच्या मागं. ज्वारी काढून झाली होती. तांबूस रंगाची, कुठं पांढरा ठिपका नाही. ती नुसती ओढा ओलांडत होती, पण ओलांडताना पुढचे पाय ज्या पद्धतीनं उचलले ते बघून पंत तिथंच थबकले होते. तिचे पाय पाहिले, डोळे पाहिले, छाती पाहिली. तोंड नाही उघडलं. मायाप्पानं वय सांगितलं होतं. मायाप्पाच्या बापापासूनची ओळख. एकमेकांचा शब्द तपासून बघायचं त्यांच्यात कधी नव्हतं.

तेव्हाच पंतांनी त्याला म्हटलं होतं की शर्यती परत सुरू होणार आहेत, हिच्यावर ओझं लादू नकोस, हिला दाणा-चंदी घाल, दोन वर्षांत हिचं सोनं होईल. धनगराची घोडी म्हणजे वाकळा, भांडी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं वाहणारी. मायाप्पानं ऐकलं. तांबडी मोकळी चालू लागली आणि बायका डोक्यावर ओझी घेऊन चालू लागल्या. त्याची बायको केराबाई पंतांना एकदा तोंडावरच म्हणाली होती, "बसून खायाला घालायचं, पाट थोपटायची. ही सून हाय का द्येव हाय, तेवढं तरी सांगा की." सगळे हसले होते. पंतही हसले होते.

उन्हं उतरल्यावर ते परत बाजारात गेले. का निघालो ते त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मायाप्पाच्या राहुटीपाशी कुणी नव्हतं, तो पाण्याला गेला होता. तांबडी खुंट्याला बांधलेली. तिनं पंतांना ओळखलं आणि नाक फुरफुरवलं. तिच्या श्वासाला ओल्या कडब्याचा वास होता. पंतांनी तिच्या मानेवर हात ठेवला. कातडीखालची नाडी हाताला लागत होती. मग त्यांचा हात मानेवरून गालावर आला, गालावरून ओठावर, आणि त्यांनी तो थांबवला नाही. अंगठा आत गेला. जीभ ऊबदार, ओली, बाजूला सरली. कोपऱ्याचे दात नुकते वर आलेले, खळगे खोल आणि स्वच्छ, कडा धारदार. डागणी नाही, कानस नाही. पाच. फार तर पाचाला थोडं कमी. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी मागं बादलीचा आवाज झाला.

मायाप्पा बादली खाली ठेवून उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. पंतांनी हात काढला. अंगठा ओला होता. तो कुठं पुसावा ते कळेना.

"बगितलं?" मायाप्पा म्हणाला.

"पाचच आहे," पंत म्हणाले.

"पाचच की." त्यानं बादली घोडीपुढं सरकवली. ती प्यायला लागली तसं तिच्या गळ्यातून घोट उतरताना दिसू लागले. मग मायाप्पानं थंडी लई पडलीया असं काहीतरी म्हटलं, आणि पंतांनी हो म्हटलं. पाहुण्याशी बोलावं तसं तो बोलत होता. आत या, बसा, चहा टाकतो. आजवर त्यानं कधी बसा म्हटलं नव्हतं. पंत आपणच बसत.

शर्यती त्यानंतरच्या रविवारी झाल्या. ईरप्पाकडून निरोप आला नव्हता, दुसरं गिऱ्हाईकही फिरकलं नव्हतं. तांबडीला पळताना लोक एकदा बघू देत, मग बोलू, असं पंतांनी मायाप्पाला सांगितलं होतं; आणि सांगताना आपला आवाज जरा चढलेला त्यांनाच ऐकू आला होता. शर्यती परत भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी, एक निवृत्त सुभेदार, म्हणाले की तांबडी हे नाव कार्डावर शोभत नाही, म्हणून 'माणगंगा' असं छापलं. छापील कार्ड पंतांनी मायाप्पाला नेऊन दाखवलं तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं तरी त्यानं ते दोन्ही हातांत धरलं. मायाप्पाचा धाकटा भाऊ गुंडा तिच्यावर बसणार होता. वाळक्या शेंगेसारखा माणूस, घोडीला लहानपणापासून तोच फिरवायचा.

माळावर पोचल्यावर पंतांना पहिल्यांदा वाटलं आपण फार लवकर आलो. मग लक्षात आलं की जे येणार होते ते आले आहेत. पूर्वीच्या ओळीनं लागणाऱ्या तंबूंच्या जागी एकच शामियाना, त्याच्याही कनातीला ठिगळं. कठड्याला माणसं विरळ, मधे मधे मोकळा कठडा. गावात बोलपट लागला होता आणि तिकडं झुंबड होती म्हणे. तिकिटांच्या खिडकीपाशी चार माणसं गप्पा मारत उभी होती, खिडकीतला कारकूनही त्यांच्यात बोलत होता. वारा माळावरून मोकळा येई आणि बावट्यांची फडफड ऐकू जाई. पूर्वी बावट्यांचा आवाज कधी ऐकूच आला नव्हता, गर्दीच्या गलक्यात तो बुडून गेलेला असे. पंत या वेळी मचाणावर गेले नाहीत. सुभेदारांनी बोलावलं तरी गेले नाहीत. कठड्यापाशी, वळणाच्या जागी जाऊन उभे राहिले. त्यांना वळण बघायचं होतं.

बावटा पडला. पाच घोडे सुटले आणि धुळीत एकाचे दोन, दोनाचे एक झाले. लांबून खुरांचा आवाज आला, पाऊस दूरच्या पत्र्यावर यावा तसा, मग जवळ आला आणि पायाखालच्या जमिनीतून वर चढला. पंतांनी कठडा धरला. वळणावर तांबडी तिसरी होती. गुंडा तिच्या मानेवर वाकलेला, लगाम ढिला, दोन्ही हात अगदी पुढं, कुणालाही दिसावेत असे. वळण सुटलं आणि तांबडीनं मान खाली घातली. एवढंच पंतांना नीट दिसलं. तिनं मान खाली घातली आणि ती लांब झाली. ओढा ओलांडतानाचे ते पाय. दुसऱ्याला मागं टाकलं, पहिल्याला मागं टाकलं, आणि मग तिच्या आणि बाकीच्यांच्या मधे नुसती जागा वाढत गेली. मोकळी, उन्हाची जागा. पंतांच्या छातीत पागेतली पहाट भरून आली, भिंतीपलीकडचे पाय, वडिलांचं हसू. ते ओरडले असावेत. ओरडून झाल्यावर त्यांना कळलं की आपण एकटेच ओरडलो.

कुणी ओरडलं नाही. तांबडी खांब ओलांडून गेली, तिच्या मागं बाकीचे गेले, आणि माळावर वारा ऐकू येऊ लागला. कठड्यापाशी एक जण हसला, चिडल्यासारखा नव्हे, मजा वाटल्यासारखा. शेजाऱ्यानं विचारलं, कुणाची म्हणे ही घोडी? तो म्हणाला, तेव्हा मचाणावर होते त्या पंतांची. म्हंजे झालंच की. दोघांनी तिकिटं फाडून टाकली. शर्यत जमवलेलीच बघायला मिळणार याची खात्री असल्यासारखी त्यांची मुद्रा होती, आणि तसंच बघायला मिळाल्याचं एक समाधान. कुणी दंगा केला नाही. पंतांना वाटलं, यांनी शामियाना पाडला तर बरं. ज्यांनी शामियाना पाडला होता त्यांचा तोवर विश्वास होता तरी. ही माणसं नुसतीच घरी निघाली होती. आणि त्या क्षणी, स्वतःला आवरायच्या आत, पंतांच्याही मनात एक बारीकसा विचार सरकून गेला: बाकीच्या चार स्वारांना कुणी काही दिलं नसेल ना? मायाप्पानं? गुंडानं? सुभेदारांनी, शर्यती चालाव्यात म्हणून? घोड्यांमधलं ते मोकळं अंतर त्यांना आठवलं. इतकं अंतर पडतं का खरोखर?

"जमवलंत बरं का, पंत."

ईरप्पा होता. तो त्यांच्या अगदी जवळ उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर पंतांना बऱ्याच वर्षांनी तो जुना आदर दिसला. तेच मान खाली घालणं, तोच अदबीचा सूर. मायाप्पा मागून घोडी घेऊन येत होता. ती फेसानं पांढरी झालेली, नाकपुड्या लाल. ईरप्पानं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला की तो घोडी घेतो. आजच घेतो, मायाप्पा सांगेल त्या किमतीला. मागं त्यानं तोंड बघितलं त्याचं पंतांनी मनावर घेऊ नये. तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं की सगळं पंतांच्या हातात आहे. पुण्याच्या शर्यतीतही पंतांनी असंच बघावं, मग घोडीला काही कमी पडणार नाही.

पंतांना आधी समजलंच नाही. मग समजलं. मायाप्पाचे डोळे त्यांच्यावर होते. मायाप्पालाही समजलं होतं. गप्प राहिलं की झालं; मान हलवायचीही गरज नव्हती. तांबडी एका श्रीमंताच्या तबेल्यात जाणार, बायकांच्या डोक्यावरची ओझी उतरणार, आणि कमलाकरपंतांचा शब्द बाजारात परत चालू लागणार होता. ईरप्पा त्यांच्यावर विश्वास ठेवायला पुन्हा तयार होता, पूर्वीसारखा, डोळे मिटून.

"ईरप्पा, मी काही जमवलेलं नाही," पंत म्हणाले. "ती खरी पळाली."

ईरप्पा हसला. "व्हय व्हय. आमी कुटं न्हाय म्हंतो?"

पंतांनी त्याचा हात धरला. असा त्यांनी कधी कुणाचा हात धरला नव्हता. त्यांनी त्याला वळणावरचं सांगितलं, लगाम ढिला होता ते सांगितलं, गुंडाला बोलावून त्याच्यासमोर उभं केलं, बाकीच्या घोड्यांतला कोणता पायानं अधू आणि कोणता दमाचा कच्चा ते एकेक करून सांगितलं. त्यांनी सिद्धेश्वराची शपथ घेतली, जी त्यांनी आयुष्यात घेतली नव्हती. आणि बोलता बोलता स्वतःच्या मनातली ती मघाची शंकाही विरघळत गेली; घोड्यांमधलं अंतर बरोबर तेवढंच होतं, तेवढंच पडायला हवं होतं. ईरप्पाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तो त्यांच्याकडं, मग घोडीकडं बघत राहिला. शेवटी त्यानं मान हलवली, आणि ती मान हलवणं खरं होतं. त्याला पटलं होतं.

"खरीच पळाली म्हंता."

"खरीच."

"मग काय उपेग, पंत?" ईरप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात कपट नव्हतं. उलट पंतांची कीव होती. "खरी पळणारी घोडी उद्या हरतीबी की. बाकीचे जमवून पळत्यात. त्यांच्यात ही एकटी खरी पळून काय करंल?" त्यानं नमस्कार केला, तांबडीच्या मानेवर एकदा थाप मारली आणि शामियान्याकडं गेला. त्याची सावली माळावर लांब पडली होती.

कपाचा समारंभ आटोपल्यासारखा झाला. सुभेदारांनी कप मायाप्पाच्या हातात दिला, दोन-चार टाळ्या पडल्या. नंतर मायाप्पा आणि गुंडा माळाच्या कडेला घोडी फिरवत होते, तिचं अंग थंड करत. पंत त्यांच्याबरोबर चालू लागले. मग मायाप्पा पुढं बघतच म्हणाला, "गप ऱ्हायला असता तर गेली असती."

"हो. गेली असती."

"व्हय." तो आणखी काही पावलं चालला. "तुमी बोलला ते बरं केलं का वाईट, तेच मला कळंना झालंय." त्यात राग नव्हता. पंतांना वाटलं, राग असता तर आपल्याला उत्तर देता आलं असतं. त्या दिवशी मी तुझ्या घोडीचं तोंड बघायला नको होतं, असं म्हणायचं त्यांच्या ओठावर आलं, पण मायाप्पा थांबला होता आणि गुंडाला सांगत होता की आजच निघू, मेंढरं पुढं गेलेली हायत. बाजारात परतल्यावर गुंडानं राहुटी मोडली. वाकळांची वळकटी, पितळेची दोन पातेली, पाण्याचं कातडी भांडं. मायाप्पानं वळकटी उचलली आणि तांबडीच्या पाठीवर ठेवली. ती दचकली, बाजूला सरली, पाठ थरथरवून ते ओझं झटकून टाकलं. पाठीवर आजवर तिनं फक्त माणूस घेतला होता. मायाप्पानं वळकटी पुन्हा उचलली. दुसऱ्यांदाही तिनं ती पाडली. तिसऱ्यांदा त्यानं आधी तिच्या कपाळावर हात ठेवला, तसाच ठेवून धरला, आणि दुसऱ्या हातानं ओझं वर सारलं. ती उभी राहिली. कान मागं पडलेले, पण उभी राहिली. कप त्यानं वळकटीच्या दोरात पातेल्यांशेजारी अडकवला. चालू लागल्यावर तो पातेल्यावर आपटून वाजू लागला आणि मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत राहिला.

पंत घरी आले तेव्हा सरोजिनी माजघरात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. पुढ्यात परातीत हिरवे सोलाणे पडत होते. त्यांनी पगडी काढून खुंटीला लावली आणि भिंतीला टेकून बसले. पाय दुखत होते. तिनं विचारलं, कोण आलं पहिलं?

"तांबडी आली."

"खरंच?" सरोजिनी म्हणाली. तिला आनंद झाला होता. आनंद झाल्यावर कुणीही म्हणतं तसं ती म्हणाली. तिनं हातातला घाटा खाली ठेवून त्यांच्याकडं पाहिलं आणि हसली.

"खरंच," पंत म्हणाले.

आणि ते सांगू लागले. पहिल्यापासून सांगू लागले: बावटा कुठं होता, ऊन कुठल्या बाजूनं येत होतं, पाचही घोडे एकदम सुटले, कुणी मागं राहिलं नाही, वळणावर ती तिसरी होती. सरोजिनी बरं झालं हो म्हणाली, मायाप्पाचं नशीब उघडलं म्हणाली. ते थांबले नाहीत. कठड्यापासून वळण किती जवळ, धूळ कुठवर उठली होती, आपल्याला किती स्वच्छ दिसत होतं. ती घाटे सोलून संपवून उठली, टरफलं गोळा केली, परात आत नेऊन ठेवली. दिव्याची काच पुसत ती परत दारात आली तेव्हा ते भिंतीला टेकून तसेच बोलत होते, हलक्या आवाजात, कुणाच्या तरी प्रश्नांना उत्तरं द्यावीत तसे.

"लगाम ढिला होता," ते सांगत होते. "अगं, गुंडाचे दोन्ही हात पुढं होते. कुणीही बघितलं असतं तरी दिसलं असतं."